सोळा फुटांवरून

सासूबाईंचे पुढचे दोन दात काढले आणि माझ्या शरदला पहिला दात आला, तो दिवस एकच. त्यामुळे साल मला कधी आठवावं लागत नाही. एकोणीसशे शहात्तर, माघ महिना, सोमवार.

सकाळच्या पहिल्या एस.टी.नं आमचे हे सासूबाईंना घेऊन बार्शीला दातांच्या डॉक्टरकडे निघाले होते. मी शरदला कडेवर घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी.

"उद्या प्रमीचा फोटो काढायचाय," हे चपला सरकवत म्हणाले. "गेवराईच्या हेंद्र्यांनी मागवलाय. तिला म्हणावं, निळी साडी काढून ठेव."

"निळी नको," सासूबाईंनी गालाला फडकं बांधलं होतं, त्यातूनच त्या बोलल्या. "निळीत नऊ गेले. हिरवी नेस म्हणावं."

"आई, फोटो काळापांढरा असतो."

"तो तुझा. देवाला रंग दिसतो."

प्रमी म्हणजे माझी नणंद, प्रमिला. मी त्यांना वन्सं म्हणायची. वय सत्तावीस, मॅट्रिक झालेल्या, आणि तोवर नऊ स्थळांकडे त्यांचा फोटो जाऊन नऊ वेळा परत आलेला. कोणी लिहायचं पत्रिका जमत नाही, कोणी लिहायचं मुलाला एवढ्यात करायचं नाही. एका म्हातारीनं मात्र खरं लिहिलं होतं, की मुलगी बरी आहे, पण नाक आधी येतं आणि मुलगी मागून. ते पत्र सासूबाईंनी चुलीत घातलं. वाक्य घरात राहिलंच.

"हे दहावं," सासूबाई पायरी उतरताना म्हणाल्या. "प्रमीला उजवल्याशिवाय मी कवळी बसवणार नाही. बोळक्या तोंडानं फिरेन."

"आधी दात निघू तर दे," हे म्हणाले, आणि दोघं स्टँडकडे गेली.

आमचं दुकान म्हणजे करमाळ्यातला माळवदे फोटो स्टुडिओ. नाव मोठं, खोली अकरा फुटांची. एका भिंतीला रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि दोन हंस. त्यातल्या एका हंसाची मान रंगवणाऱ्याच्या हातून लांबली होती, आणि ते बदक आहे की साप यावर गिऱ्हाइकं पैजा लावायची. मागं अंधारी खोली, तिथं वन्संचं राज्य. फिल्म धुणं, फोटो छापणं, सुकवणं, सगळं त्या करायच्या. त्याच्या मागं आमचं घर.

कॅमेरा जर्मन होता, एका पेन्शनीत निघालेल्या मिलिटरी साहेबाकडून घेतलेला. त्याच्याबरोबर तीन लेन्स आल्या होत्या. मी पाथर्डीकडच्या एका वाडीत शेळ्यांमागं वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं, आकडाही येत नव्हता. म्हणून लेन्सना मी माझी नावं ठेवली होती: बुटकी, मधली आणि लांबडी. बुटकीत जेवणाची अख्खी पंगत मावायची. मधली रोजच्या गिऱ्हाइकाला. लांबडी जत्रेतल्या कुस्त्यांना, लांबचा पैलवान जवळ ओढून आणायला. लांबडी दुकानात चालत नसे. बसलेल्या माणसाचा कमरेपर्यंत फोटो घ्यायचा तर दाराबाहेर रस्त्यावर जाऊन उभं राहावं लागे, आणि ह्यांचं म्हणणं असं, की फोटोग्राफर रस्त्यावर उभा राहिला की त्याचा फुगेवाला होतो.

ह्यांची आणखी एक अडचण होती. ह्यांना नीट दिसत नव्हतं. पण चष्मा लावायचे नाहीत. "चष्मेवाल्याकडून फोटो काढून घेणं म्हणजे टकल्याकडून केसांचं तेल घेणं," असं म्हणायचे. मग स्पष्ट-अस्पष्ट कसं कळणार? त्यासाठी वन्संनी दोरी केली होती. फुटाफुटावर गाठ, अशा आठ गाठी. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मी दोरीचं एक टोक त्याच्या नाकापाशी धरायची, दुसरं कॅमेऱ्यापाशी वन्सं धरायच्या. त्या गाठी मोजायच्या आणि लेन्सवरचा आकडा त्याप्रमाणं फिरवून द्यायच्या. हे फक्त बटण दाबायचे. कोणती लेन्स तेही ह्यांनी कधी पाहिलं नाही. नुसता हात मागं करायचे, वन्सं ठेवतील ती लावायचे. बाहेर पाटीवर नाव मात्र ह्यांचंच, आणि गावही ह्यांनाच रंगाशेठ म्हणायचं.

आता गंमत अशी, की गिऱ्हाइकाला दोरीच्या पाच गाठी लागायच्या आणि वन्संच्या फोटोला दोन. वन्सं खुर्चीत बसायच्या, मी दोरी त्यांच्या नाकापाशी धरायची, आणि त्या म्हणायच्या, "दादा, आणखी जवळ ये. चेहरा भरून घे. मुलाकडच्यांना चेहरा बघायचाय, हंस नाही." हे पुढं सरकायचे, इतके की त्यांचा श्वास माझ्या हाताला लागायचा. नऊ वेळा दोनच गाठी. मला ते खटकत होतं. पण सुनेनं बोलायचं किती, आणि बिनशिकल्या सुनेनं तर किती.

तर त्या सोमवारी दोघं बार्शीला गेली आणि दुकानात आम्ही दोघी उरलो. वन्सं उंबऱ्याजवळ पाट टाकून बसल्या. छापलेल्या फोटोंवर धुळीचे बारीक पांढरे ठिपके येतात, ते बारीक ब्रशनं काळे भरायचे, असं त्यांचं काम चाललं होतं. शरदला त्यांच्याशेजारी गोधडीवर ठेवलं. पाळण्याची कडी निसटली होती, ती घेऊन मी समोर इलाहीभाईंच्या सायकलच्या दुकानात गेले.

इलाहीभाईंचा ओटा उंच. वर चढले, कडी त्यांच्या हातात दिली आणि सहज मागं वळले.

तीन वर्षं मी वन्संना हातभर अंतरावरून पाहिलं होतं. चुलीपाशी, अंथरुणावर, अंधाऱ्या खोलीत. घरातल्या बायका एकमेकींना रस्त्यापलीकडून कधी बघतात? त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. सकाळचं ऊन रस्त्यावर पडून दारात उलटत होतं, आणि खालून येणाऱ्या त्या मऊ उजेडात वन्सं मान कलती करून बसल्या होत्या. नाक होतं. माळवद्यांचं नाक ते, ह्यांना आहे, शरदलाही आलंय. पण ते चेहऱ्यात होतं. चेहऱ्याच्या पुढं नव्हतं.

"इलाहीभाई," मी म्हटलं, "आमच्या वन्संचं नाक मोठं आहे का हो?"

ते चाकाच्या तारा आवळत होते. "भाभी, सकाळी सकाळी कुणाशी भांडण लावताय?"

"खरं सांगा."

"वीस वर्सं हितनं बघतोय. नाकासारखं नाक हाय. फोटोत रंगाशेठ त्याचं काय करतो, ते अल्ला जाणे."

माझ्या डोक्यात दोन गाठी आणि पाच गाठी एकमेकींवर आपटल्या. मी तशीच ओट्यावरून उतरले, दुकानात गेले आणि कपाटातून कॅमेरा काढला. लांबडी लावलेलीच होती. आदल्या दिवशी कुस्त्या झाल्या होत्या आणि रिळात दोन फोटो उरलेत, असं वन्संच म्हणाल्या होत्या.

"कॅमेरा कुठं चालला?" वन्संनी मान वर न करता विचारलं.

"धूळ बसलीय. इलाहीभाईंच्या पंपानं उडवून आणते."

"पंप लेन्सवर मारू नको गं."

"नाही मारत."

लेन्सवरची उजेडाची कडी किती फिरवायची, ते मला आकड्यांनी येत नव्हतं, आवाजानं येत होतं. उन्हातून सावलीत आलं की तीन खट्. तीन वर्षं ऐकत होते. तीन खट् वाजवले. ओट्याच्या खांबाला कॅमेरा टेकवला आणि डोळा लावला. दोरी नव्हती. पण दोरी कुणाला लागते? ज्याला दिसत नाही त्याला. मला दिसत होतं. लेन्सची पट्टी फिरवत गेले आणि वन्सं धुक्यातून बाहेर आल्यासारख्या स्पष्ट झाल्या. हातातल्या ब्रशचे केससुद्धा दिसले. मी बटण दाबलं.

नेमकी तेव्हाच मध्ये म्हैस आली.

"आता एकच उरला," मी म्हटलं.

"एकच काय?"

"फोटो. वन्संचा काढतेय, गेवराईला धाडायला. त्यांना सांगितलेलं नाही."

इलाहीभाईंनी एकदा वन्संकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग दुकानातली एक सायकल उचलली, रस्त्याच्या मधोमध उलटी उभी केली आणि शांतपणे तिच्यापाशी बसले. पलीकडून कडब्याची बैलगाडी येत होती. ती थांबली.

"ओ मिस्त्री, वाटंत काय मांडलंय?"

"पंक्चर."

"बाजूला घेऊन काढ की."

"रस्त्यात झालं, रस्त्यातच काढणार. तुजा बैल वाटंत बसला तर घरी न्हेऊन उठवतो का?"

"आरं, सायकल तर तू आता दुकानातनं आणलीस. मी बघितलं."

"बघितलंस ना? मग साक्षीला थांब."

मागं आणखी एक गाडी थांबली. दोन सायकलवाले उतरले. गाडीवान म्हणत होता, मिस्त्रीला ऊन लागलंय. या गडबडीनं वन्संनी मान वर केली. त्यांना भांडणाचं कारण ठाऊक नव्हतं, पण इलाहीभाई उलट्या सायकलचं पायडल हातानं फिरवत गंभीरपणे बसलेले त्यांना दिसले. हसू अजून ओठांवर आलं नव्हतं. डोळ्यांत आलं होतं. मी बटण दाबलं.

"झालं," मी म्हटलं.

"पंक्चर निघालं," इलाहीभाई गाडीवानाला म्हणाले आणि सायकल घेऊन उठले.

दुपारी शरद झोपला आणि आम्ही अंधाऱ्या खोलीत गेलो. मला तिथं जायला दोन कारणं असायची. एक मदत, दुसरं माझा अभ्यास. वन्सं मला अक्षरं शिकवत होत्या, घरात कोणाला न सांगता. उजेड लागून वाया गेलेला फोटोचा कागद घ्यायचा, डेव्हलपरमध्ये ब्रश बुडवून त्यावर अक्षर काढायचं. आधी काहीच दिसत नाही. मग लाल दिव्याखाली ते हळूहळू काळं होत वर येतं. माझी सगळी अक्षरं अशी पाण्यातून वर आलेली आहेत. त्या दिवशी मी 'ठ'वर होते. 'ठ' सोपा, असं वन्सं म्हणाल्या, नुसतं नाक काढायचं आणि वर दांडी द्यायची. नाकाची चेष्टा त्या स्वतःच करायच्या.

कुस्त्यांची फिल्म त्यांनी धुतली होती. एकेक पैलवान छापत छापत त्या शेवटी आल्या.

"ही म्हैस कुणाची?"

त्यांनी पुढचा फोटो कागदावर टाकला आणि कागद ट्रेमध्ये सोडला. आम्ही दोघी वाकून बघत होतो. आधी केस आले. मग डोळे, मग कपाळावरची टिकली, मग हातातला ब्रश. नाक सगळ्यांत शेवटी आलं आणि आपल्या जागी जाऊन बसलं.

वन्संनी चिमट्यानं फोटो उचलला. पाणी निथळत होतं. खाली खराब कागदांची बादली होती, तिच्यावर फोटो धरून त्या उभ्याच राहिल्या. मला वाटलं, पाणी निथळू देताहेत.

"कोणी काढला?"

"मी."

"कुठून?"

"इलाहीभाईंच्या ओट्यावरून. लांबडीनं."

"पंपानं धूळ उडवत होतीस ती?"

"हो."

नळ थेंब थेंब गळत होता. मग त्यांनी फोटो हायपोमध्ये टाकला. फोटो पक्का होतो तो त्या पाण्यात.

"किती फूट?"

"मोजलं नाही. डोळ्यानंच बघितलं."

"मोजायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "फोटोच्या मागं अंतर लिहून ठेवायचं असतं. म्हणजे पुन्हा जमतं."

फोटो धुऊन होईपर्यंत त्यांनी मला 'ठ' पंचवीस वेळा काढायला लावला. मग भर दुपारी आम्ही दोघी दोरी घेऊन रस्त्यात उतरलो. मी पाटापाशी टोक धरलं, त्या गाठी मोजत ओट्याकडं गेल्या. आठ गाठी संपल्या तिथं टाच रोवून पुन्हा दोरी ओढली.

"म्युन्शिपाल्टी आली का?" इलाहीभाई म्हणाले. "रस्ता रुंद करताय?"

"नाही," वन्सं म्हणाल्या. "नाक लहान करतोय."

दोन वेळा आठ. फोटोच्या मागं त्यांनी पेन्सिलनं लिहिलं आणि मला दाखवलं. "हे सोळा. हे फूट. आणि हे तुझं नाव, गजरा." माझं नाव लिहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी फोटो दोरीवर चिमट्याला लावला.

दिवेलागणीला बार्शीची मंडळी आली. सासूबाईंच्या तोंडात कापूस. आल्या आल्या त्यांनी शरदला मांडीवर घेतलं, त्यानं त्यांचं बोट तोंडात धरलं आणि त्या किंचाळल्या. "चावला गं मला." कापूस काढून त्यांनी त्याच्या तोंडात बघितलं. खाली मध्ये तांदळाएवढा दात. "माझे घेऊन आला बघ," असं म्हणत त्या दिव्याकडं वळल्या, आणि त्यांना दोरीवरचा फोटो दिसला.

"ही कुणाची पोर?"

त्यांनी शरदला मांडीवरून कडेवर घेतलं.

"चांगली आहे की. आपल्यातली आहे का? प्रमीच्या वयाची दिसतीय."

"आई, मीच आहे," वन्सं म्हणाल्या.

सासूबाई फोटोजवळ गेल्या. कापूस पुन्हा तोंडात घालायचं त्यांना भान राहिलं नाही. ह्यांनी फोटो चिमट्यातून काढून नाकाजवळ नेला, कारण लांबून दिसत नव्हतं.

"कोणी काढला?"

"मी," मी म्हटलं.

"कुठून?"

"रस्त्यावरून."

"रस्त्यावरून? लोकांनी बघितलं?"

"दोन गाड्या थांबल्या होत्या."

"माळवद्यांची सून रस्त्यावर उभी राहून," हे सुरू करणार होते, पण सासूबाईंनी मध्येच तोडलं.

"तू गप. नऊ काढलेस. हाच धाडायचा. आजच पाकीट करा."

सगळ्यांनी वन्संकडं बघितलं. त्यांनी मानेनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. उठून खळ आणली, पाकीट चिकटवलं आणि वळणदार अक्षरात स्वतःच पत्ता लिहिला. मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि माझी छाती फुगून गेली होती. मला वाटलं, नऊ घरांनी केलेला त्यांचा अपमान मी पुसून टाकला.

यावेळी फोटो परत आला नाही. आठव्या दिवशी हेंद्रे मंडळीच आली. मुलगा अनंतराव, धरणाच्या कामावर ओव्हरसियर, जाड भिंगांचा चष्मा. त्यानं वन्संना एकच प्रश्न विचारला, "फोटोत तुम्ही कशाकडं बघून हसत होता?" वन्सं म्हणाल्या, "उलट्या सायकलकडं." तो हसला. वैशाखातली तारीख ठरली. सासूबाई दुसऱ्याच आठवड्यात बार्शीला जाऊन कवळीचं माप देऊन आल्या.

लग्नाला तीन दिवस उरले होते. घर पाहुण्यांनी भरलेलं. दुपारी वन्संनी मला हाताला धरून अंधाऱ्या खोलीत नेलं आणि लाल दिवा लावला. मला वाटलं अभ्यास. तोवर आम्ही 'म'पर्यंत आलो होतो, इंग्रजी आकडेही झाले होते.

"हात कर," त्या म्हणाल्या आणि हातात एक लेन्स ठेवली.

"बुटकी," मी म्हटलं.

"नाव नको. आकडा वाच."

मी ती दिव्याजवळ धरली. "तीन. पाच. पस्तीस."

"ही कशाला लावतात?"

"पंगतीला. अख्खं वऱ्हाड मावतं."

"एका माणसाच्या चेहऱ्याला लावली तर?"

"मग फार जवळ जावं लागेल."

"किती जवळ?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. माझ्या बोटांना दोरी आठवली. दोन गाठी.

"दादाला दिसत नाही," वन्सं म्हणाल्या. "मी देते ती लावतो. मधली दिली तर पाच फुटांवर उभा राहतो. ही दिली तर दोन फुटांवर यावं लागतं, आणि तितकं जवळ गेलं की जे पुढं असतं ते मोठं दिसतं. त्या मिलिटरी साहेबाच्या पुस्तकात चित्र काढून दाखवलंय."

"नऊ वेळा?"

"नऊ वेळा."

"पण का?"

त्यांनी खोलीतून नजर फिरवली. बघण्यासारखं काही नव्हतं. तीन ट्रे, नळ, लाल दिवा, दोरीवर चिमटे.

"इथून मला कुठं जायचं होतं?" त्या म्हणाल्या.

बाहेर कोणीतरी पापड मोजत होतं. मी लेन्स हातात घेऊन उभी राहिले.

"मला सांगायचं होतंत."

"तुला खोटं बोलता येत नाही. पंपानं धूळ उडवते म्हणे."

"मग त्या दिवशी फोटो बादलीत का नाही टाकलात? मी म्हटलं असतं, बिघडला. मला काय कळत होतं?"

"टाकणारच होते. नुसता चिमटा सोडायचा होता." त्यांनी माझ्या हातातली लेन्स घेतली, फडक्यानं पुसली आणि डबीत ठेवली. "पण तुझा पहिला फोटो होता, वहिनी. आणि या दुकानात एवढा चांगला फोटो अजून कोणी काढला नव्हता. दादानं नाही, मीही नाही. चिमटा सुटेना."

मला रडू आलं.

"ट्रेवर वाकून रडू नको," त्या म्हणाल्या. "डेव्हलपरचं प्रमाण बिघडेल."

मग त्यांनी खुंटीवरची दोरी काढली आणि माझ्या हातात दिली. "तुला लागणार नाही. पण दादाला लागेल. आणि माणूस बरा दिसतोय, तू जीव जाळू नको. चष्मा लावतो, लपवत नाही."

लग्न झालं. सासूबाईंनी नव्या कवळीनं बुंदीचा लाडू सगळ्यांसमोर चावून दाखवला.

माझी अक्षरं 'म'वर थांबली होती. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. त्यावर पत्त्याशिवाय एकच मोठं अक्षर. पोस्टमन म्हणाला, "काय हो, नुसतं 'य'? पुढचं लिहायचं राहिलं वाटतं." पुढचं पुढच्या कार्डावर आलं. दर पंधरवड्याला एक अक्षर. 'ज्ञ' आला तो दिवाळी उलटून गेल्यावर, आणि मग मी पहिलं पत्र लिहिलं. तीन ओळींचं. त्यांनी ते दुरुस्त करून परत पाठवलं.

दोरी धरायला वन्सं नाहीत म्हटल्यावर वर्षभरात ह्यांना चष्मा घ्यावाच लागला. चष्मा लावून त्यांनी आधी पडदा बघितला आणि म्हणाले, "हा हंस असा होता?" हळूहळू कॅमेरा माझ्याकडं आला. लग्नाच्या मुलीचा फोटो असला की मी तिला उंबऱ्यात बसवायची आणि स्वतः इलाहीभाईंच्या ओट्यावर जायची. गावाला सवय झाली. गाडीवान आपणच गाड्या थांबवायचे, आणि इलाहीभाई एक उलटी सायकल तयारच ठेवायचे. छत्तीस वर्षं मी तसे फोटो काढले. प्रत्येकीला आधी विचारायची, "जायचंय का तुला?" काही हसायच्या. दोघी जणी नाही म्हणाल्या होत्या. त्यांचे फोटो मी दोन गाठींवरून काढले.

वन्सं दर दिवाळीला यायच्या. आल्या की पिशवी ठेवून आधी अंधाऱ्या खोलीत जायच्या, दिवा लावायच्या, ट्रेमधलं पाणी वासावरून ओळखायच्या. अनंतराव भला माणूस निघाला. दोन मुली झाल्या. एकदा मी विचारलं, "तिकडं कसं आहे?" त्या म्हणाल्या, "धरणाच्या क्वार्टरला खिडक्याच खिडक्या आहेत गं. अंधार कुठंच नाही." आणि हसल्या. त्याहून जास्त त्या कधी बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

त्यांच्या मुलींनी भिंतीवर लावायला फोटो मागवला, तेव्हा मी सोळा फुटांवरचा मोठा करून पाठवला. तो बघून लोक म्हणतात, आई किती छान दिसायच्या. परत आलेल्या नऊपैकी एक मी माझ्या खोलीत लावलाय. येणारे जाणारे विचारतात, हे कोण, नाक केवढं. मी सांगते, ज्यांनी मला लिहायला-वाचायला शिकवलं त्या, आणि त्यांना असंच दिसायचं होतं.

माझी नणंद प्रमिला अनंत हेंद्रे, माहेरची माळवदे, नऊ फेब्रुवारी दोन हजार अकरा रोजी सकाळी सहा वाजता बीडला मुलीच्या घरी वारल्या. तेव्हा त्या बासष्ट वर्षांच्या होत्या.